बारीक दंडाला मोठा पट्टा

त्या सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये जवळजवळ सगळे हसत होते आणि बीपीवालीला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. बाकी सगळीकडे ती बीपीवालीच. आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीला होती. संस्था गेली नऊ वर्षं शहरातल्या सात वस्त्यांवर नजर ठेवून होती. कोणाला हार्ट अटॅक येतो, कोणाला लकवा मारतो, आणि त्याच्या आधी कित्येक वर्षं त्या माणसाच्या अंगात काय शिजत असतं, हे शोधायचं काम. दर तीन वर्षांनी घरोघर जायचं, वजन करायचं, कमरेला टेप लावायची, साखर बघायची, रक्तदाब घ्यायचा, आणि किती ओढता, किती चालता, ताटात वरून मीठ घेता का, असे साठ प्रश्न विचारायचे. पुलापलीकडची वस्ती पहिल्या फेरीपासून बीपीवालीकडे होती. तिथले लोक दार उघडायचे ते संस्थेचं नाव ऐकून नाही, तिचा आवाज ऐकून.

मीटिंगमध्ये आकडेवाल्यानं भिंतीवर आलेख दाखवला. सहा वस्त्यांत रक्तदाब होता तिथंच होता. बीपीवालीच्या वस्तीत तो चक्क उतरला होता. दोन वर्षांपूर्वी संस्थेनं त्याच वस्तीत मीठ कमी करायची मोहीम चालवली होती, म्हणून मोठ्या बाई, म्हणजे संस्थेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, खुर्चीतून उठल्याच. त्यांनी बीपीवालीच्या पाठीवर थाप मारली आणि हे परिषदेत वाचायचं असं जाहीर करून टाकलं. स्टोअरवाला म्हणाला की आता तिथल्या वाण्यानं मीठ सोडून दुसरं काहीतरी विकायला घ्यावं. त्यावर हशा झाला.

आकडेवाला मात्र हसत नव्हता. तो स्वभावानंच किरकिऱ्या. त्याचं म्हणणं, जाड माणसांचा दाब उतरलेला दिसत नाही, बारीक अंगाच्या माणसांचाच दिसतो, आणि तोही एकाच महिन्यात घेतलेला. हे काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"बारीक माणसं बायकोचं ऐकतात," स्टोअरवाला म्हणाला. पुन्हा हशा.

आकडेवाल्याच्या डोक्यात जे शिरत नव्हतं ते बीपीवालीच्या डोक्यात मात्र लख्ख शिरलं होतं.

दाब घ्यायच्या यंत्राला दंडावर गुंडाळायचे दोन पट्टे मिळतात, मधला आणि मोठा. आधी दंडाचा घेर मोजायचा आणि मग पट्टा निवडायचा. बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर दाब असतो त्यापेक्षा कमी दिसतो. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी हे घोकून घेतात, आणि बीपीवालीनं नव्या पोरींकडून ते स्वतः घोकून घेतलेलं. पण या फेरीत मधल्या पट्ट्याची चिकटपट्टी गेली. हवा भरत आली की तो फर्रकन सुटायचा. एक आजीबाई तर दचकून म्हणाल्या, माझंच काही फाटलं की काय. बीपीवालीनं नवा पट्टा मागितला. स्टोअरवाल्यानं अर्ज मागितला. अर्ज दिला तर त्यावर सही हवी, सही आणली तर स्टोअरवाला रजेवर. इकडे रोज दहा घरं व्हायलाच हवीत. मग तिनं सरसकट सगळ्यांना मोठा पट्टा लावायला सुरुवात केली. बारीक दंडाभोवती तो दीड वेढा बसायचा, पण सुटायचा तरी नाही.

टॅबलेट मात्र ऐकेना. दंड चोवीस सेंटीमीटर आणि पट्टा मोठा असं भरलं की लाल चौकट यायची आणि पुढचं पान उघडायचंच नाही. तेव्हा तिनं 'मधला' भरलं. पहिल्या दिवशी मनाला लागलं. आठवडाभरानं बोट आपोआप तिथं जायला लागलं. नवा पट्टा येईपर्यंत अशी एकशे बारा माणसं झाली होती. थोडा इकडंतिकडं फरक पडला असेल, हजारो माणसांच्या आकड्यांत कुठल्या कुठं जाईल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

त्या एकशे बारांत तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

हे तिला मीटिंगमध्ये आठवलं. दाब मोजला की ज्याच्या त्याच्या हातात आकड्याची चिठ्ठी द्यायची अशी पद्धत. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं की हा आकडा अभ्यासासाठी आहे, यावरून औषध बदलू नये. ते कोण वाचतंय? दादा चार वर्षं दाबाची गोळी घेत होता. उठताना जरा गरगरतं म्हणून तो वस्तीतल्या दवाखान्यात गेला आणि वहिनीनं कौतुकानं ती चिठ्ठी पुढं केली. वरचा आकडा एकशे दहा. गोळी जास्त होतेय म्हणून डॉक्टरांनी ती बंद करून टाकली. वहिनीनं फोनवर सांगितलं होतं, वन्सं, तुमच्या हाताला यश आहे हो, यांची गोळी सुटली. बीपीवाली तेव्हा फुशारली होती. त्याला पाच आठवडे झाले.

त्यांचे वडील असेच गेले होते. दाढी करता करता हातातला वस्तरा पडला, तोंड वाकडं झालं, आणि तिसऱ्या दिवशी खेळ संपला. वय बावन्न. दादाला आता एकावन्नावं चालू होतं.

मोठ्या बाईंना तिथंच सांगून टाकावं म्हणून ती उठली. पण बाई फोनवर कोणाला तरी हीच बातमी देत होत्या, आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला होता. खोटं भरलं म्हणजे नोकरी जाणार, नऊ वर्षांचं नाव जाणार. डोकं दुखतंय एवढंच बोलून तिनं यंत्र पिशवीत घातलं, मधला पट्टा आत आहे ना हे तीनदा पाहिलं, आणि बाहेर पडली.

रस्त्यात तिनं दादाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पुलावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. ती बसमधून उतरली आणि चालायला लागली, आणि मग कधी पळायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. वस्तीच्या तोंडाशी चारदोन माणसं उभी दिसली तेव्हा ती जागीच थांबली. ती माणसं नळाची गळती बघत होती.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीत काचेची पेटी, तिच्यामागं स्टूल, आणि स्टुलावर दादा, एका डोळ्याला भिंग लावून. तो तसाच बसलेला दिसला आणि तिच्या जिवात जीव आला. मग तिनं पाहिलं की तो चिमट्यानं एक स्क्रू उचलू पाहतोय, आणि स्क्रू चिमट्यात येत नाहीय. तिनं दारातून मोजलं. चार वेळा चुकला. घड्याळाच्या पोटातला स्क्रू दादाच्या हातून आयुष्यात कधी चुकला नव्हता.

"फोन का उचलत नाहीस?" ती म्हणाली.

"ह्या बारक्या कामात उचलायचा कसा? आणि तू काय यमाचं बोलावणं घेऊन आल्यासारखी उभी?" दादा हसला. हसताना त्याचं तोंड वाकडं होतंय का हे ती डोळे फाडून बघत राहिली. होत नव्हतं.

आतून वहिनी आली. वहिनीच्या जिभेला हाड नव्हतं. वन्सं यंत्र घेऊन भावाकडे आल्या म्हणजे वस्तीतली सगळी गिऱ्हाइकं संपली वाटतं, असं म्हणत तिनं खुर्ची पुढं केली. बीपीवालीनं सांगितलं की संस्थेची दुसरी तपासणी आहे. हे दिवसातलं दुसरं खोटं. डोकं दुखतं का, असं तिनं विचारल्यावर दादा म्हणाला काही नाही. वहिनी म्हणाली काही नाही कसं, आठ दिवस झाले सकाळी मान धरून बसताय, आणि मी उशी बदला म्हणून घसा कोरडा केला.

आता नियमाची पाळी होती. दाब घ्यायच्या आधी माणसानं पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात टेबलावर. कोणी बोलायचं नाही. कारण भ्यालेल्या माणसाचा दाब चढतो, आणि मोजणाऱ्याचा चेहरा बघूनच माणूस भितो. हजारो माणसांसमोर बीपीवाली ही पाच मिनिटं आरामात बसली होती, मनात भाजीची यादी करत. आज यादी सुचेना. तिचा चेहरा जरा जरी बदलला तर दादाला कळणार, त्याचा दाब चढणार, आणि मग आलेला आकडा गोळी सुटल्याचा की तिच्या चेहऱ्याचा, हे कोणी सांगायचं? तिनं नजर पेटीतल्या घड्याळांवर लावली. कोणी सव्वानऊ दाखवत होतं, कोणी चार. दादा डोळे मिटून बसला. त्याचा दंड लहानपणी होता तसाच, वेताच्या काठीसारखा. याला आपण तो मोठा पट्टा लावला तेव्हा तो म्हणाला होता, चिमे, हा पट्टा माझा की म्हशीचा? ती हसली होती आणि बटण दाबलं होतं.

तिनं घेर मोजला. तेवीस. मधला पट्टा लावला. पहिली मोजणी नियमानं सोडून द्यायची. ती एकशे नव्वदला गेली. सोडून द्यायची असते, तिनं मनात म्हटलं. मिनिटभर थांबून दुसरी घेतली. एकशे शहाऐंशी. तिसरी एकशे चौऱ्याऐंशी, खालचा एकशे आठ.

तिनं पट्टा सोडवला. चिकटपट्टीची कड तिला सापडेना. शेवटी दादानंच ती दुसऱ्या हातानं ओढली.

"किती?" वहिनीनं विचारलं. तिच्या आवाजातली गंमत गेली होती.

बीपीवालीनं आकडा सांगितला. मग म्हणाली, "दादा, मागच्या वेळी मी मोजला तो खोटा होता. पट्टा चुकीचा होता. मला ठाऊक होतं चुकीचा आहे, तरी लावला. तुझी गोळी माझ्यामुळं बंद झाली."

वहिनी तिच्याकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यापुढं तिला शिव्या बऱ्या वाटल्या असत्या. दादानं भिंग काढून पेटीवर ठेवलं. "बाबांसारखं?" त्यानं हळूच विचारलं. तो आकडा ऐकून घाबरला नव्हता, पण आता त्याचे ओठ पांढरे पडले होते. तिनं त्याच्या पायांत चपला सरकवल्या, लहान मुलाच्या सरकवाव्यात तशा.

दवाखाना दोन गल्ल्या पुढं. वहिनीनं दादाचा एक हात धरला, बीपीवालीनं यंत्राची पिशवी खांद्याला अडकवून दुसरा. वाटेत एकदा तो अडखळला आणि दोघींनीही इतक्या जोरात ओढलं की तो म्हणाला, दगड होता, दगड. दवाखान्यात रांग होती. आयुष्यात पहिल्यांदा बीपीवाली रांग मोडून आत घुसली.

डॉक्टरांनी स्वतः दोन्ही हातांचा दाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली, हात पुढं करायला लावले, जीभ बाहेर काढायला सांगितली, हृदयाचा आलेख काढला. बीपीवाली भिंतीला टेकून उभी. तेवढ्या वेळात तिनं देवाला काय काय कबूल केलं ते तिलाही पुढं आठवलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले की लकवा नाही, हृदयालाही अजून धक्का नाही. स्क्रू चुकणाऱ्या हाताचं काय ते नंतर बघू, पण असाच आणखी महिना गेला असता तर सांगता येत नव्हतं. गोळी आजपासून पुन्हा चालू, आणि आज दिवसभर इथंच बाकावर पडून राहायचं. नर्सनं पाण्याबरोबर गोळी दिली. ती दादाच्या घशाखाली उतरेपर्यंत बीपीवालीचे डोळे त्याच्या गळ्यावर होते. वहिनी त्याच्या पायाशी बसली आणि तिनं पहिल्यांदा पदरानं डोळे पुसले.

मग डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी काढली. "हा आकडा कोणी घेतला?"

"मी."

"अशा किती चिठ्ठ्या आहेत?"

"एकशे बारा."

डॉक्टरांनी चिठ्ठी खाली ठेवली. त्या चिठ्ठ्यांवरून त्यांनी आणखी किती जणांच्या गोळ्या कमी केल्या हे ते मनात आठवत असावेत. त्यांचाही चेहरा उतरला. ते एवढंच बोलले की त्यांनी स्वतः एकदा तपासायला हवं होतं, रांग होती म्हणून चिठ्ठीवर भागवलं. मग त्यांनी कोरा कागद पुढं ओढला आणि म्हणाले, नावं सांगा.

बीपीवालीनं त्यांना थांबायला सांगितलं. तिथंच, सगळ्यांसमोर, तिनं मोठ्या बाईंना फोन लावला आणि काही न वगळता सगळं सांगितलं, टॅबलेटमध्ये 'मधला' भरलं ते सुद्धा. मग बाईंनी विचारलं की ती परिषदेची गोष्ट आपण किती जणांना सांगितली आहे, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, "उद्या ये. तुझं काय करायचं ते उद्या. आज ती माणसं बघ. आकडेवाल्याला यादी घेऊन पाठवते."

"यादी यायला तास जाईल," बीपीवाली डॉक्टरांना म्हणाली. "मी सांगते."

"क्रमानं सांगा. घरांच्या."

"घरांच्या नाही," ती म्हणाली. जेवढा दंड बारीक तेवढी चूक मोठी. तिनं डोळे मिटले. एकशे बारा दंड तिनं स्वतःच्या हातानं टेपमध्ये धरले होते. सगळ्यांत बारीक इस्त्रीवाल्याच्या आईचा, एकोणीस सेंटीमीटर. ती म्हातारी दाबाच्या दोन गोळ्या घ्यायची. डॉक्टरांनी फायली चाळल्या, एक बाहेर काढली, आणि तिच्यासमोर धरली. दोन गोळ्यांची एक केलेली होती.

बाकीची नावं फोनवर सांगते म्हणत बीपीवालीनं यंत्राची पिशवी उचलली; आधी इस्त्रीवाल्याचं घर. दादा बाकावरून म्हणाला, चिमे, सावकाश जा. ती दाराबाहेर पडली होती, आणि सावकाश जायला तिच्याकडं वेळ नव्हता.