रंगाखालच्या दोन खुणा

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. जुनी म्हणा, खटारा म्हणाल तर ऐकून घेणार नाही. माझ्या चारही चाकांना जोर आहे. दिमाखदार गाड्या जो चिखल पाहून तोंड फिरवतात, त्यातून मी पदर खोचून पार व्हायची.

माझे मालक विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे. जिथे रस्ता संपायचा तिथून आमचं काम सुरू. माझ्या पोटाखाली एक लांब लोखंडी दांडा फिरतो, त्याला शाफ्ट म्हणतात. इंजिनाचा जोर तो मागच्या चाकांना पोचवतो. पुढच्या चाकांसाठी तसाच दुसरा आहे. प्रत्येकाचे दोन तुकडे एकमेकांत सरकवलेले असतात. वंगण द्यायला मालक ते सुटे करायचे. परत जोडताना दोन्ही तुकड्यांवरून आधी बोट फिरवायचे, काहीतरी चाचपायचे, मगच जोडायचे. सगळा वेळ घशातल्या घशात गुणगुणणं चालूच. "झाली बाई तुझी वेणीफणी," म्हणून थाप मारायचे.

एका सकाळी ते पंपाशेजारी टेकले ते उठलेच नाहीत. मला घरी आणलं कोणा परक्याने. त्याला माझा क्लचसुद्धा धड दाबता येत नव्हता.

मग मी शेडमध्ये पडून राहिले. उंदरांनी सीट पोखरली. एक दिवस मालकीणबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "हिला नवी करायची." धाकट्या लेकाने मला खोललं.

"आई, वरून रंग मारला की झालं. खालून कोण बघतंय?"

"तुझे बाबा खालूनच बघायचे. आण तो ब्रश इकडे."

बाई गोणपाटावर बसल्या आणि एकेक भाग काळ्या रंगाने रंगवला. एकदा नाही, दोनदा. मायेचा हात होता तो, मला कळत होतं. रंग वाळला. धाकट्याने मला परत जोडलं.

पहिल्याच फेरीत सरळ रस्त्यावर वेग वाढला आणि माझ्या अंगावर काटा आला. आधी सीट थरथरली, मग दारं, मग आरसा. पोटातून बारीक घुमणारा आवाज निघाला. तोच, घशातल्या घशात गुणगुणल्यासारखा. धाकटा घाबरून ब्रेक दाबायला गेला.

"थांबू नकोस," बाई कुजबुजल्या. "ह्याच वेगात चालव."

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही त्या रस्त्याला जायचो. वेग कमी केला की आवाज नाहीसा व्हायचा, वाढवला की परत यायचा. बाई पुढच्या फळीवर हात ठेवून बोलायच्या. "आलात? उशीर केलात आज." माझ्यात कोणीतरी आहे, असं मलाही वाटू लागलं होतं. आत मात्र लोखंड लोखंडाला खात होतं.

मग थोरली लेक आली. तिचं शहरात गॅरेज आहे. एका फेरीतच ती म्हणाली, "आई, ही गाडी आहे का पिठाची चाळणी?"

"तुझे बाबा आहेत ते."

थोरलीने मला कडेला घेतलं. मग हळूच म्हणाली, "हा शाफ्ट तुटला तर पत्रा फोडून वर येईल. तू बसतेस तिथेच."

"येऊ दे."

"मग मी माहेरी कोणाकडे येऊ गं?"

बाईंनी तोंड फिरवलं. "बघ काय बघायचं ते."

थोरलीने आधी चाकं अदलाबदल केली. थरथर तशीच. मग वेगात असताना गिअर काढून मला नुसतं वाहू दिलं, तरी तशीच. "म्हणजे इंजिन नाही." पुढचा शाफ्ट उतरवून मला मागच्या चाकांवर पळवलं. तरीही तशीच. "म्हणजे मागचा शाफ्ट." ती माझ्याखाली शिरली. शाफ्टच्या दोन टोकांना सांधे पकडणारे लोखंडी चिमटे असतात; ते एका रेषेत हवेत, तर एक थोडा वळलेला होता.

"कोणत्या खुणेवर जोडलास रे?"

"खूण? कसली खूण?" धाकटा म्हणाला. "बसला तसा बसवला."

"बाबा खुणेशिवाय जोडायचेच नाहीत."

तिने सुरीने रंग खरवडला. काळे पापुद्रे पडले आणि खाली दोन चरे निघाले, एकेका तुकड्यावर एकेक, मालकांच्या छिन्नीचे. ते समोरासमोर आले की चिमटे एका रेषेत येतात.

बाई गुडघे धरत खाली बसल्या. चऱ्यांवर बोट ठेवलं. "हा रंग मी दिला," एवढंच म्हणाल्या.

झिजलेले सांधे बदलले, खुणा जुळवल्या. त्याच रस्त्यावर वेग वाढला. काही नाही. वारा तेवढा ऐकू आला. बाई फळीवर हात ठेवून वाट बघत राहिल्या. मीही.

"गेले," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर धाकट्याने विचारलं, "आई, खरवडलंय तिथे परत रंग देऊ? गंज चढेल."

"हात लावून तर बघ! मी तेल लावीन."

आता त्या तेलाचं फडकं घेऊन येतात, माझ्याखाली वाकतात आणि न बघता बोटाने ते दोन चरे शोधतात. अगदी मालक चाचपायचे तसेच. मी डोळे मिटून घेते. बोट कोणाचं, ते मला दर वेळी सांगता येत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाची वस्तू जरूर जपा, चकचकीतही करा. पण ब्रश उचलण्याआधी तिच्यावरून एकदा बोट फिरवा. तिथे कोणीतरी तुमच्यासाठी काही कोरून ठेवलेलं असेल.