करंगळीची चहाडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी रॅकेट आहे, आणि मी रागावले आहे. जुन्या वस्तू म्हणे शांत असतात, समजूतदार असतात. असतील बापड्या! माझ्या मुठीच्या वर एक भेग आहे. ती कशी पडली हे ऐकलंत, तर तुम्हीही गप्प बसणार नाही.

माझा सांगाडा कारखान्यात झाला, पण जीव आला तो टेनिस कोर्टाशेजारच्या एका खोलीत. तिथे बाबा रॅकेटी विणायचे. भिंतीवर तातेची, म्हणजे रॅकेटीत ताणून बसवायच्या दोरीची, भेंडोळी टांगलेली असायची आणि टेबलावर त्यांचा थंड झालेला चहा. आपल्या थोरल्या मुलीसाठी, म्हणजे ताईसाठी, त्यांनी मला विणायला घेतलं, त्या दिवशी नेमका त्यांचा खांदा धरला होता. तात हवी तशी ओढली गेली नाही आणि मी सैलच राहिले.

कोर्टावरच्या मुली खिदळल्या. "ही रॅकेट आहे की पिठाची चाळण?"

त्यांचंही खरंच होतं. ताईने जोरात मारलं की चेंडू थेट मागच्या भिंतीवर! पोरगी अगदी रडकुंडीला आली. मला उसवून पुन्हा विणायचं ठरलं होतं, पण बाबा म्हणाले, "थांब. जोरात मारूच नकोस. झोपलेल्या बाळाच्या हातातून खुळखुळा काढून घेतो ना आपण, तसा हात ठेव."

ताईने तसा हात ठेवला. चेंडू माझ्या तातेवर क्षणभर रेंगाळला, अलगद नेटवरून उतरला आणि पलीकडे पडून तिथेच निजला. बाबांनी टाळी वाजवली. त्या दिवसापासून मला चाळण म्हणायची कुणाची टाप नव्हती.

या फटक्याला पुस्तकात ड्रॉप शॉट म्हणतात. आमच्या घरात त्याचं नाव होतं टपली. हात मागे न्यायचा, आता मोठा तडाखा बसणार असा आव आणायचा, समोरची घाबरून मागे सरकली की ऐनवेळी चेंडूला नुसतं शिवायचं. हे नाव ठेवलं होतं ताईच्या धाकट्या बहिणीने. रोज संध्याकाळी त्या दोघी खेळायच्या आणि धाकटी नेटकडे धाव घेत ओरडायची, "परत टपली मारलीस! चीटर!" मग दोघी कोर्टावरच बसून पोट धरून हसायच्या. खरं सांगते, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस.

एका संध्याकाळी मात्र धाकटी प्रत्येक टपलीला वेळेवर पोहोचू लागली. "आज पाय भलतेच चालताहेत तुझे," ताई म्हणाली. धाकटी नुसती हसली. तिला ताईची खोड कळली होती. टपली मारण्याआधी ताईची करंगळी मुठीवरून हलकेच उचलली जायची. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं, कारण मूठ माझीच. ताईला मात्र त्याचा पत्ताच नव्हता. स्वतःच्या करंगळीकडे कोण बघतं हो?

पुढे निवडीचे सामने आले. जिंकणारीला दूरच्या शहरात टेनिस शिकायला ठेवणार होते, काही वर्षं तरी. आमच्या टपलीने एकेकीला पाणी पाजलं आणि ताई अंतिम सामन्यात पोहोचली. समोर होती एक उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणायचे. ताईने आनंदाच्या भरात आधीच बॅग भरायला काढली. बहिणींच्या खोलीत दोन पलंगांच्या मधोमध ती उघडी बॅग पडलेली असायची आणि धाकटी तिला वळसा घालून जायची.

सामन्याच्या आदल्या दिवशी मुठीचं चामडं बदलायला धाकटी मला बाबांकडे घेऊन निघाली. वाटेत पाण्याच्या नळाशी शिडीचे सर उभे होते. धाकटी थांबली. मी तिच्या खांद्यावर होते, मित्रांनो, म्हणून शब्द न् शब्द ऐकला.

"सर, ताईची करंगळी बघायला सांगा. उचलली की टपली येणार."

सर चपापले. "तू तिची बहीण ना गं?"

"म्हणूनच सांगतेय. ती जिंकली तर जाईल."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच! टपली हे नाव जिने ठेवलं, तिनेच ती विकली, आणि तीही मला खांद्यावर घेऊन! मला ओरडावंसं वाटलं. पण मला तोंड कुठे आहे?

सामन्यात ताईने पहिली टपली मारली, तर शिडी आधीच नेटपाशी हजर. दुसरी मारली, तेच. ताई गोंधळली, चिडली, मग जोरात मारू लागली, आणि चेंडू पुन्हा मागच्या भिंतीवर. हरल्यावर तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. "तूच घात केलास! सैल कुठली!" असं म्हणून तिने मला सिमेंटवर आपटलं. ही भेग तेव्हाची. सगळं खापर माझ्यावर फुटलं आणि धाकटी बाकावर मान खाली घालून बसून राहिली.

बाबांनी भेगेत सरस भरला, वरून दोरा गुंडाळला. पण ताईने मला पुन्हा हात लावला नाही. त्या शहरात गेली नाही खरी, पण कोर्टावरही गेली नाही. धाकटी संध्याकाळी दारात उभी राहून विचारायची, "येतेस?" ताई म्हणायची, "नको." एवढा उपद्व्याप करून धाकटीच्या हाती ते "नको" तेवढं आलं. आणि मी वर्षानुवर्षं खिळ्यावर. माझी तात तुटत गेली, पाल माझ्यामागे राहून गेली.

गेल्या महिन्यात ताईच्या लेकीने हट्ट करून मला खाली काढलं. बाबा आता थकलेत, पण त्यांनी मला नव्याने विणलं, मुद्दाम सैल. अंगणात पोरीने हात मागे नेला आणि काय सांगू, तिचीही करंगळी उचलली गेली! अगदी आईसारखी.

तिची मावशी, म्हणजे आमची धाकटी, पायरीवर बसली होती. ती सहज बोलून गेली, "करंगळी खाली ठेव गं. उचललीस की कळतं, टपली येणार."

ताई मागे दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिचा हात तसाच राहिला.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "त्या सामन्याच्या आधीपासून. तू जाऊ नयेस म्हणून…"

"मला सांगितलं असतंस तर मी करंगळी खाली ठेवली असती."

"आणि गेली असतीस."

"आणि सुट्टीत आले असते. तुझ्याशीच खेळायला आले असते गं," ताई म्हणाली, आणि ओला टॉवेल तोंडाला लावून आत निघून गेली.

अजून त्या दोघी एकमेकींशी धड बोलत नाहीत. माझी माफी तर कुणीच मागितलेली नाही. ताई परवा माझ्याजवळ आली, भेगेवरून बोट फिरवलं आणि गेली. एवढंच.

मित्रांनो, रॅकेट ओलीत ठेवू नका, जमिनीवर आपटू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळं सांगते. आपल्या माणसाची एखादी खोड तुमच्या लक्षात आली, तर ती सगळ्यात आधी त्यालाच सांगा. मला तोंड नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. तुम्हाला आहे.