बडीशेपेच्या ताटलीतला रुपया

मी एक जुनी पितळी ताटली आहे. मित्रांनो, मला हात लावलात तर तो धुऊन टाका. चिंचेनं घासूनही माझी मलाच किळस येते.

खामगावच्या एका तांबटानं मला मोठ्या मायेनं ठोकून घडवलं. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा त्या काळात मी बुलढाण्याच्या कचेरीशेजारी, उत्तमरावांच्या हॉटेलात आले. बडीशेप माझ्यात यायची, अन् जेवण वाढणाऱ्या निवृत्तीचं बक्षीसही. उत्तमराव पूर्वी कापसाच्या अडतीवर कारकून होते; शेतकऱ्याच्या पैशातून अडत, धर्मादाय कापून घ्यायचे. कापूस सुटला, कापायची सवय सुटली नाही.

निवृत्तीची बायको कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, जळगाव जामोदला गेली होती. मुलगी झाली. तिचं तोंड पाहायला मोटारीचं भाडं हवं होतं, आणि तेवढं कधी साठतच नव्हतं.

एके दिवशी हिंमतराव पाटील दावा जिंकून मंडळींसह जेवले. बिल दहा रुपये झालं. नागपूरचे साहेब शेकडा दहा बक्षीस देतात, असं त्यांनी ऐकलं होतं. शंभराला दहा तर दहाला एक, असा हिशेब सर्वांना ऐकू जाईल असा मांडून त्यांनी माझ्यात रुपया वाजवला. निवृत्तीचे डोळे भरून आले.

पाटील पायऱ्या उतरले आणि उत्तमरावांचा तेलकट हात माझ्यात आला.

"अडत शेकडा पन्नास, आठ आणे. धर्मादाय शेकडा पंचवीस, चार आणे. घासणावळ शेकडा साडेबारा, दोन आणे. उरले तुहे दोन आणे."

"मालक, ताटली तं मीच घासतो."

"म्हणून तं घासणावळ कमी लावली."

शी! कसला धर्मादाय? त्यांच्या दारातून कुत्रंसुद्धा उपाशी जायचं.

दुसऱ्या एका दाव्याच्या तारखेला पाटील पुन्हा जेवायला आले. निवृत्तीनं मला फळीवरच ठेवलं, हात धुतला आणि भीत भीत पुढे केला. बक्षीस हातातच द्या, म्हणाला.

पाटलांनी नाक मुरडलं. "हात काऊन पसरून राह्यला बे? भिकारी हायेस का? ताटली आण."

त्यानं मला आणलं. गल्ल्यावरून उत्तमराव उठलेच होते.

मित्रांनो, निवृत्तीला त्याची लेक दिसली ती थेट दुडूदुडू चालायला लागल्यावर. बापाला पाहून ती घाबरली आणि आईच्या लुगड्यामागे लपली.

आता मी अडगळीत हिरवी पडले आहे. मला घासू नका. कुणाच्या कष्टाचं द्यायचं असेल, तर त्याच्या हातावर ठेवा आणि त्याची मूठ मिटेपर्यंत तिथंच उभे राहा.