मालिशवाली

वसमतच्या शाळेत आरोग्य शिबिर भरलं होतं. फाटकावरच्या फ्लेक्सवर सगळ्या डॉक्टरांच्या नावामागं ‘डॉ.’ होतं. फक्त खालच्या ओळीत नुसतंच ‘प्रियदर्शनी खिल्लारे, अमेरिका’.

भीमराज खिल्लारे ते वाचून तसाच मांडवात शिरला. एसटी डेपोत तीस वर्षं मेकॅनिकचं काम करून त्यानं लेक शिकवली होती. शिबिराचे प्रमुख विश्वंभर डॉक्टर, गावातले जुने एमबीबीएस, खुर्चीत बसले होते.

“साहेब, पोरीच्या नावाम्हागं डॉक्टर काहून न्हाई?”

“अरे भीमराज, तिची डिग्री एमडी नाही, डीओ आहे. ऑस्टिओपॅथी. हाडं चोळायची विद्या ती. लोकांची दिशाभूल नको.”

भीमराजनं हा प्रश्न लेकीला मागंच विचारला होता. ती म्हणाली होती, “बाबा, दुसऱ्या देशांत ऑस्टिओपॅथ नुसते हातानंच उपचार करतात, म्हणून घोळ होतो. अमेरिकेत डीओ पूर्ण डॉक्टर असतो. एमडीसारखंच चार वर्षांचं मेडिकल, मग त्यांच्याच सोबत दवाखान्यात ट्रेनिंग. औषध, ऑपरेशन, सगळ्याचं लायसन सारखं. हातानं सांधे-स्नायू तपासायचं आमाला जास्तीचं शिकवतात, एवढंच.”

तो हे सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुट्टीवर आलेल्या प्रियदर्शनीनं मागून येऊन त्याचा दंड धरला. “राहू द्या बाबा. इथं माझी नोंदणी न्हाई, औषध मला लिहिताच येणार न्हाई. मी बीपी मोजत बसते.”

ती बसली. भीमराज मात्र आतून धुमसत राहिला.

अकराच्या सुमारास मोंढ्यात हळदीची पोती उचलणारा अमृतराव रांगेतून विश्वंभर डॉक्टरांपुढं आला. डावा खांदा सकाळपासून ठणकत होता. डॉक्टरांनी मानही वर केली नाही.

“पोती उचलतोस ना? मग दुखणारच. जा, तिकडं अमेरिकेची मालिशवाली बसलीय. देईल चोळून.”

रांग फिदीफिदी हसली. भीमराजच्या कानशिलांत रक्त चढलं.

प्रियदर्शनीनं अमृतरावला बसवलं, नाडी धरली, खांद्यावरून सावकाश बोटं फिरवली. “काका, हात हलवल्यावर जास्त दुखतंय का?”

“न्हाई बाई. हलवला काय अन् न हलवला काय, सारखंच. जबडा बी दुखून राहिला. घाम तर बघा.”

ती ताडकन उठली. “सर, हे खांद्याचं दुखणं न्हाई. हार्टचं असू शकतं. आत्ताच्या आत्ता ईसीजी पाहिजे.”

“रांग मोठी आहे. बघू थोड्या वेळानं.”

“थोड्या वेळानं न्हाई!” सगळा मांडव वळून बघू लागला. “बाबा, रिक्षा आणा.”

भीमराज पळत सुटला. सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी बघताच तिथल्या डॉक्टरनं रुग्णवाहिका बोलावली. नांदेडला पोचेपर्यंत प्रियदर्शनी अमृतरावच्या उशाशी होती. दुपारी अँजिओप्लास्टी झाली. माणूस वाचला.

तिसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी आली : डॉ. विश्वंभर यांच्या प्रसंगावधानानं हमालाला जीवदान. प्रियदर्शनी आदल्या दिवशीच परतीच्या प्रवासाला निघाली होती. भीमराज पेपर घेऊन थेट विश्वंभर डॉक्टरांच्या दवाखान्यात गेला. बाकं पेशंटांनी भरलेली.

“साहेब, ह्या माणसाला तुमी मालिशीला धाडलं व्हतं.”

डॉक्टर गडबडीनं उठले. “आत ये, भीमराज. आत बसून बोलू.”

“आत काहून? मालिशवाली तर तुमी भर मांडवात म्हणलात.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “पत्रकारानं परस्पर छापलं. सांगतो त्याला दुरुस्ती करायला.”

आठ दिवस भीमराजनं पेपराचं पान न् पान चाळलं. दुरुस्ती आली नाही. विश्वंभर डॉक्टरांचा सत्कार झाला, त्याची बातमी तेवढी आली.

नवव्या दिवशी त्यानं पेपरचं ऑफिस गाठलं. टेबलामागच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, “पण काका, डीओ म्हणजे खरा डॉक्टर नसतोच ना?”

भीमराजनं खुर्ची पुढं ओढली. आवाज चढलाच होता, तो त्यानं उतरू दिला नाही.

“पेन घ्या,” तो म्हणाला. “मी सांगून राहिलो तसं, बराबर लिहा.”