निरोपाचा भात

महाडच्या त्या मंगल कार्यालयात चप्पल काढायलाही जागा नव्हती. आंबेनळी घाटाच्या पायथ्यापासून पाचाडपर्यंतची माणसं पोरांना कडेवर घेऊन आली होती, कारण अन्नयोगी यशराज महाराज स्वमग्न मुलांच्या मेंदूतलं विष डोळ्यांना दाखवणार होते. भगव्या सदऱ्यावर पांढरा डॉक्टरी कोट, गळ्यात रुद्राक्ष आणि स्टेथोस्कोप. देव नाही पावला तर विज्ञान पावेल, अशी दुहेरी सोय!

"तुमचं मूल बोलत नाही, नजर देत नाही. का?" महाराज माईकमध्ये गरजले. "भात आणि दूध! भात आतड्यात सडतो, त्याची वाफ मेंदूवर चढते. अमेरिकेत सिद्ध झालंय हे!"

कुठे, कोणी, कसं सिद्ध केलं, हे विचारायला मी तोंड उघडलं, तर बयाबाईंनी कोपर मारलं. "गप बसा बाई. महाराज कोपतील."

मी पोलादपूरला शाळेत विज्ञान शिकवते आणि बयाबाई माझ्या शेजारी राहतात. त्यांची सहा वर्षांची नात अक्षदा स्वमग्न आहे. शब्द मोजके, आनंद झाला की दोन्ही हात फडफडवते. खाण्यात भारी हट्टी. कोमट दूधभात सोडला तर तिच्या घशाखाली फारसं काही उतरत नाही. त्या दोनच गोष्टींवर महाराजांनी नेमकं बोट ठेवलं होतं.

आधी विधी झाला. नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला 'निरोपाचा भात' म्हणून एक घास भरवायचा. आमच्याकडे बाळाचं उष्टावण भाताने होतं, पाहुण्याचा मान भाताने होतो. त्या भाताला शेवटचा नमस्कार करताना बायका रडत होत्या. मग मुलाने पेल्यात चूळ टाकायची, महाराजांनी त्यात 'सत्यरसा'चा तपकिरी थेंब सोडायचा. अक्षदाचं पाणी निळंकाळं झालं आणि सभागृहातून 'आई गं' असा सूर उठला.

मग जुनी, पथ्यावरची मुलं आली. त्यांना आधी आवळ्याची फोड प्रसाद म्हणून चघळायला दिली. त्यांच्या चुळीत थेंब पडला आणि पाणी स्वच्छ राहिलं. केवढ्या टाळ्या!

तो काळा रंग मला चांगलाच ओळखीचा होता. पण त्या टाळ्यांत बोलणं म्हणजे दगडावर डोकं फोडणं.

बयाबाईंचा मुलगा, अक्षदाचा बाप किशोर मुंबईत कुरियर कंपनीत आहे. त्याने सोन्याच्या भावात महाराजांचं सात्त्विक पीठ घेतलं. घरातून भात आणि दूध हद्दपार झालं. पोर त्या पिठाच्या गोळ्याकडे बघून तोंड फिरवायची. महिन्याभरात तिच्या फासळ्या दिसू लागल्या. चांगला दिवस गेला की श्रेय पिठाला. वाईट गेला की महाराजांचं उत्तर तयार: घरात कुणीतरी चोरून भाताचा कण दिला असणार. मग बयाबाई सुनेची भांडी हुंगायच्या.

महाडच्या मुलांच्या डॉक्टर प्रियदर्शिनींनी अक्षदाला तपासलं. दूध किंवा धान्य खरंच बाधत असेल का, तेही पाहिलं. तसं काही नव्हतं. "पोर उपाशी आहे. तिला आधी जेवू घाला," त्या म्हणाल्या.

शिमग्याच्या रजेला किशोर घरी आला तेव्हा अक्षदाची आई दर्शना त्याला घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, याला तुम्हीच सांगा. माझी पोर हातची जाईल."

"अवो, पण फरक हाय ना!" किशोर म्हणाला. "मी शनिवारी येतो तर माझ्याकडं बघती. फुल रिझल्ट हाय, बाई."

"फरक दिसतोय ना? मग परीक्षा देशील?" मी म्हटलं. "जेवणाच्या वेळी तू बाहेर जायचंस, बयाबाईंनीही. दर्शना कधी दूधभात समोर ठेवेल, कधी पीठ. काय ठेवायचं ते मी नाणं उडवून ठरवीन. तू फक्त संध्याकाळी पोरीकडे बघून ओळखायचंस."

"त्यात काय? बघताच सांगंन!"

डॉक्टरांना विचारलं. पिठाच्या दिवशीही पोर उपाशी राहता कामा नये, या अटीवर त्या हो म्हणाल्या. रजा संपेपर्यंत खेळ चालला. किशोर रोज छातीठोक सांगायचा आणि मी त्याचं उत्तर वहीत टिपून घरी जायचे. एका संध्याकाळी तर अक्षदा आपणहून त्याच्या मांडीवर येऊन बसली. किशोरचे डोळे भरून आले. "आज पीठ! लिहून घ्या, बाई!"

रजेच्या शेवटी मी आणि दर्शनाने सगळं उलगडून सांगितलं. त्याचे निम्मे अंदाज चुकले होते. डोळे मिटून बोलला असता तरी तेवढेच जमले असते.

"आणि ती मांडीवर बसली त्या दिवशी?" त्याने विचारलं.

दर्शना म्हणाली, "वाटीभर दूधभात खाऊन आली होती रे."

किशोर उठून उभा राहिला. मग म्हणाला, "बाई, महाराजांचं शिबिर उद्याच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी नव्या मुलांच्या रांगेत किशोरच उभा राहिला. निरोपाचा भात खाल्ला, चूळ टाकली. थेंब पडला, पाणी काळंकुट्ट.

"महाराज, मी पण स्वमग्न काय?"

"बापाकडूनच तर विष उतरतं, बालका!" महाराज अडखळले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे.

"मग आता तुम्ही खा," किशोर म्हणाला. "एकच घास. तुमचं पाणी साफ राह्यलं तर मी जन्मभर पाय धरीन."

महाराजांना एकाएकी मौनव्रत आठवलं.

मी पुढे झाले. शाळेतली आयोडीनची बाटली काढली आणि निरोपाच्या भातावरच थेंब सोडला. तोच निळाकाळा रंग. "हे मेंदूतलं विष नाही, भातातलं पिष्ट आहे, स्टार्च. आठवीतली मुलं हा प्रयोग करतात. आणि आता बघा." महाराजांच्याच प्रसादाच्या ताटातल्या आवळ्याचा रस किशोरच्या पेल्यात पिळला. काळं पाणी हळूहळू निवळलं. "आवळ्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. म्हणून नव्यांना आधी भात आणि जुन्यांना आधी आवळा!"

मागून कुशाबा म्हातारा ओरडला, "म्हंजी आमी भाताला उगाच रडलो काय रे?"

गर्दी हसली, मग चिडली. महाराज स्टेथोस्कोप विसरून मागच्या दाराने गेले.

चवदार तळ्याच्या या गावात माणसं एकदा पाण्यासाठी ताठ मानेने उभी राहिली होती. त्याच गावात आपण पेल्यातल्या रंगापुढे हात जोडून बसलो, याची मला लाज वाटते. कुणी पथ्याने मूल बदलतं म्हणाला, तर विचारा: कुणावर तपासलं? काय दिलंय ते ठाऊक नसलेल्या माणसालाही फरक दिसला का? मुलाचं वजन घटलं तर जबाबदार कोण? उत्तराऐवजी शाप मिळाला, तर उठून चालू लागा.

अक्षदा आजही फार बोलत नाही. खेळातून शब्द शिकवणाऱ्या ताईंकडे जाते, हळूहळू शिकते. काल बयाबाई तिच्यासमोर वाटी घेऊन बसल्या होत्या. आता भांडी हुंगत नाहीत. पोरीने वाटी चाटूनपुसून रिकामी केली, हात फडफडवले आणि म्हणाली, "भात."

बयाबाई डोळे पुसत उठल्या आणि आणखी वाढायला आत गेल्या.