खिडकीतली छाती

सत्यवान मास्तराला खोकला नव्हता, ताप नव्हता. मिरजगावच्या शाळेत तो पाढे म्हणवून घ्यायला लागला की आवाज वेशीपर्यंत जायचा. त्र्याहत्तर साली नोकरी कायम होताना नगरला छातीचा एक्स-रे फोटो काढला आणि नको ते दिसलं. सुपारीएवढी गाठ! थुंकी तपासली, क्षय नव्हता. डॉक्टर म्हणाले, "जुना फोटो असेल तर आणा. गाठ तेव्हाही एवढीच असेल तर हात लावायचा नाही. नसेल तर पुण्याला जाऊन छाती उघडावी लागेल."

जुना फोटो होता. दहा वर्षांपूर्वी विहिरीत पडून बरगडी मोडली तेव्हाचा, थोरल्या भावाच्या, शांतवनच्या घरी ट्रंकेत ठेवलेला. शांतवन नागापूरला कारखान्यात होता. सत्यवान तसाच तिकडे गेला.

गाठीची बातमी आधीच पोचली होती, तीही क्षय होऊन. तिला एस.टी.चं तिकीट थोडंच लागतं!

लिडियावहिनीने नाकाला पदर लावला. शांतवनने दारात पाय आडवा घातला. "तितंच थांब. पोरं हायती घरात." पाणी आलं ते फुटक्या कपात, तोही वहिनीने खाली ठेवून पायाने पुढे सरकवला. याच भावाला टायफॉइड झाला तेव्हा सत्यवानने त्याची ओकारी ओंजळीत झेलली होती. आता मात्र त्याला शिसारी आली, आणि ती त्या कपाची नव्हती.

"क्षय न्हाई मला, दादा. माझा जुना फोटो दे, जातो."

"त्यो व्हय?" वहिनी पदराआडून म्हणाली. "खिडकीची काच फुटली तवा तितं लावलाय की."

भावाचा पाय ओलांडून सत्यवान आत शिरला. खिडकीखालीच पाट मांडलेले, ताटात अर्धी भाकरी. त्याने रुमालाने फोटोवरची काजळी पुसली. उन्हात बरगड्या उजळल्या, आणि त्यांच्यात तीच सुपारी. पिशवीतला नवा फोटो त्याने शेजारी धरला. तसूभरही फरक नव्हता. छाती उघडायची नव्हती!

"बघ दादा. काच फुटल्यापासनं ह्याच गाठीखाली बसून जेवताय तुमी."

शांतवनने दोन्ही फोटो निरखले. मग एकदम मोकळं हसला. "आरं, मग बस की जेवायला! लिडिया, चांगलं ताट काढ."

सत्यवानने खिळे उपटले, फोटो पिशवीत घातला.

"नगं," तो म्हणाला. "तुमच्यात बसून मला घास उतरायचा न्हाई."