भाताशेजारची जागा

मित्रांनो, मी एक जुने तसराळे आहे. लोखंडी पत्र्याचे, वर पांढरा मुलामा, काठाला निळी रेघ. आता माझ्या बुडाला भोके पडली आहेत आणि पोटात माती भरलेली आहे. त्या मातीत कांद्याची पात उगवते. डोंगरातल्या एका लहानशा दवाखान्याच्या मागच्या पायरीवर मी ऊन खात असते. येणारेजाणारे पात तोडून नेतात. माझ्याकडे कोणी पाहत नाही, आणि त्याचे मला फारसे वाईटही वाटत नाही. पण एक काळ असा होता की, मला रोज उकळत्या पाण्याने आंघोळ घातली जाई.

समुद्राकाठच्या एका कारखान्यात, भट्टीतून लालबुंद होऊन मी बाहेर आले. माझ्या बहिणी घराघरांत गेल्या. कोणी कोबी खारवायला, कोणी केस धुवायला. मला मात्र ओक-रान नावाच्या तरुण परिचारिकेने विकत घेतले आणि बसमध्ये मांडीवर घेऊन या गावी आणले. गावात डॉक्टर नव्हता. बाळंतपण, ताप, खाणीत लागलेला मार, सारे तीच पाही. सगळे तिला नर्सबाई म्हणत.

त्या काळी जखमेवर लाल औषध लावत आणि कोरडे कापड बांधत. ते कापड जखमेला चिकटे. दुसऱ्या दिवशी ते ओढून काढताना खाणीतले दणकट गडीही डोळे मिटून घेत. मग एकदा ओक-रान शहरात शिकायला गेली आणि निराळेच काही घेऊन आली. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम हलक्या हाताने धुवायची. ती सुकवायची नाही, मऊ ठेवायची. मलमात भिजवलेले, न चिकटणारे कापड वर घालायचे. तेव्हापासून माझे काम वाढले. जखमेखाली मी, आणि वरून किटलीतली पाण्याची बारीक धार.

गावाला हे पटले नाही. "लाल नाही, झोंबत नाही," पंक्चरवाला म्हातारा म्हणाला, "हे औषध आहे की सरबत?" पण लोकांच्या जखमा भरून येऊ लागल्या तसे बोलणे कमी झाले. म्हातारा स्वतःच फुटलेला अंगठा घेऊन आला आणि म्हणाला, "थोडं सरबत वाढा."

मग सोलमेवाली आजी आली. सोलमे तिचे माहेर, म्हणून गाव तिला त्याच नावाने ओळखे. तिला साखरेचा आजार होता आणि तळपाय बधिर झाले होते. टाचेला जखम झाली होती. ओक-रानने ती मन लावून धुतली, झाकली. आठवडे गेले, जखम भरेना. उलट कडा काळ्या पडू लागल्या. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले, "काळं वर चढलं तर पाय घोट्यापासून काढावा लागेल."

"मग माझ्या रांजणांपर्यंत कोण चढणार? तुम्ही?" आजीने विचारले.

घरामागे दगडी पायऱ्या चढून गेले की तिचे रांजण होते. रोजच्या कालवणात पडणारे सोयाबीनचे आंबवण ती दर वसंतात स्वतः घाली. त्या घराची चव तिच्या हातात होती आणि ती हे जाणून होती.

गावात पुन्हा कुजबुज सुरू झाली. लाल औषध असते तर पाय वाचला असता, असे लोक म्हणू लागले. एके दुपारी ओक-रानने कपाटातून लाल बाटली काढली, बराच वेळ हातात धरली आणि परत ठेवली. तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला होता.

इतके दिवस आजीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून दवाखान्यात आणत. नंतर मोठा बर्फ पडला आणि रस्ता बंद झाला. ओक-रानने मला पाठीवर घेतले, बाया लेकराला बांधतात तसे कापडाने बांधले, आणि ती चालत निघाली.

"नर्सबाई, लेकरू गोरंपान आहे हो," कोणीतरी अंगणातून ओरडले.

"बापावर गेलंय," ती न थांबता म्हणाली.

आजीची सून जोंग-इम हिने बसायला जाड उशी दिली. आजी खोलीतल्या सर्वांत उबदार जागी बसली होती. या गावात चुलीचा जाळ जमिनीखालून फिरतो, आणि चुलीजवळची जागा घरातल्या वडीलधाऱ्याची. आजीचे पाय रजईखाली होते. त्याच रजईखाली झाकणाची पितळी वाटी होती. जोंग-इमचा नवरा खाणीतून उशिरा येई. त्याचा भात तिथे गरम राही.

ओक-रानने रजई बाजूला सारली, आजीची टाच उचलून धरली आणि मला त्याच जागी ठेवले. किटलीतून गार पाणी ओतले आणि किटली खिडकीत ठेवली. मग पाय उशीवर घेऊन ती कापड बांधू लागली. आजीचे तोंड चालूच होते.

"जरा घट्ट बांध. तुझं लक्ष कुठंय? लग्न ठरलं की काय?"

"तुम्ही स्थळ आणा, मग ठरवते."

"पंक्चरवाला मोकळा आहे."

हसत हसतच ओक-रानने पाणी टाकायला मला उचलले, आणि तिचे हसू थांबले. तिने माझ्या बुडाला पुन्हा हात लावला. मग खिडकीतल्या किटलीला लावला. किटली गार होती. माझ्यातले पाणी मात्र ओतले त्याहून कितीतरी ऊन झाले होते.

ती वाकली. या घरांत जमिनीवर तेल पाजलेला कागद चिकटवतात; तो तिथे भाजून तपकिरी झाला होता. तिने तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

"आजी, इथं पाय ठेववतो कसा तुम्हाला?"

"का? मला तर गारच लागतं."

"रात्री पाय इथेच असतात?"

"मग काय छपरावर?"

ओक-रानने हळूच पितळी वाटी बाहेर काढून आजीसमोर ठेवली. "जिथं भात गरम राहतो, तिथं तुम्ही टाच ठेवता. तुम्हाला चटका कळत नाही. मी दिवसा जखम धुते, ती रोज रात्री पुन्हा भाजते."

दाराशी उभ्या जोंग-इमच्या हातातले फडके खाली पडले. "सासूबाई पाय गार पडलेत म्हणतात, म्हणून मी लाकडं वाढवत होते," ती म्हणाली. "रोज एक जास्त. मीच..."

"गप बस," आजी म्हणाली. "माझी सासू मरेपर्यंत मी या खोलीत दाराशी झोपले, वाऱ्यात. मला कोणी ऊब दिली नाही. हिने दिली. नर्सबाई, गावात सांगशील तर एवढंही सांग."

"मी कशाला सांगू? मीसुद्धा नुसती जखमच बघत बसले. पाय कुठं झोपतो ते विचारलंच नाही."

त्या रात्रीपासून आजीचे अंथरूण दाराशी गेले. पायात लोकरी मोजे आले. टाच कुठे टेकू नये म्हणून पोटरीखाली रजईची वळकटी आली. "म्हातारपणी पुन्हा दाराशीच," असे आजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. जोंग-इमने आपलेही अंथरूण तिच्या शेजारी घातले. उबेची जागा एकट्या भाताला मिळाली.

काळ्या कडा हळूहळू सुटल्या आणि आतून गुलाबी मांस दिसू लागले. बर्फ वितळला. पायऱ्यांकडेच्या झाडाला पालवी फुटली तेव्हा आजी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, पण स्वतःच्याच टाचेवर, रांजणांपर्यंत चढली. झाकण काढून तिने वास घेतला. मग खाली उभ्या ओक-रानला म्हणाली, "लाल औषध असतं तर यापेक्षा लवकर बरी झाले असते." आणि मला काठोकाठ भरून आंबवण दिले. माझ्या पांढऱ्या अंगाचा तो वास पुढे कितीतरी दिवस गेला नाही. ओक-रान घासून घासून थकली.

त्यानंतर ती ज्या घरी जाई तिथे पिशवी उघडण्याआधी मला रुग्णाच्या पायांशी ठेवी आणि मग माझ्या बुडाला हात लावी. लोक म्हणत, नर्सबाईंच्या आधी तसराळं बसतं. पुढे स्टीलची भांडी आली, बंद पाकिटातली कापडे आली. माझा मुलामा उडाला, गंज चढला. ओक-राननेच मला भोके पाडली आणि कांदे लावले. मग तीही निवृत्त होऊन लेकीकडे गेली.

मित्रांनो, भांड्याचे आयुष्य संपायचेच. पण तुमच्या घरी कोणाची जखम भरत नसेल, तर जखमेवर रागावू नका आणि औषधावरही नको. ते माणूस कुठे बसते, कुठे झोपते, पाय कशावर टेकते, ते पाहा. तिथे आधी आपला हात टेकवा. माया करतानाही एकदा हात लावून पाहावा लागतो.

परवा जोंग-इम माझ्या शेजारी पायरीवर बसली होती. आता तीच आजी झाली आहे आणि साखरेचा आजार तिलाही आहे. पायाच्या बोटाला खरचटले म्हणून आली होती. नवी नर्स वयाने लहान आहे, तिने मला कधी कामात पाहिलेले नाही. बूट काढायच्या आधीच तिने विचारले, "आजी, तुमच्या घरी भात कुठं ठेवतात?"

"कुकरमध्ये," जोंग-इम हसून म्हणाली. "हे तुला कोणी शिकवलं?"

"आधीच्या बाईंनी. पहिला प्रश्न हाच विचारायचा म्हणाल्या. का ते नीट सांगितलं नाही."

जोंग-इमने माझ्यातली पात तोडली, बोटांनी काठावरची निळी रेघ चाचपली आणि म्हणाली,

"मी दाराशी झोपते, पोरी. बैस, सांगते."